घेताना हेतू काय होता

“भिंतीला खिळा मारू नकोस. काय टांगायचं असेल ते दाराच्या मागे टांग.”

नव्या घराचं कुलूप उघडलं, की आत पाऊल टाकायच्या आधी हे मला एवढं सांगायचे. रागाने नाही, आणि फार मायेने सांगायचे असंही नाही. रंगाऱ्याचा हात होता यांचा. भिंतीला भोक पडलं की यांना स्वतःच्या अंगाला टोचल्यासारखं व्हायचं. शिवाय ती भिंत आमची कुठे होती? कागदावर आमची, पण यांच्या मनात ती पहिल्या दिवसापासून पुढच्या माणसाची.

हे गेले तेव्हा आमच्या संसाराला एकतीस वर्षं झाली होती, आणि तेवढ्यात आमची नऊ घरं झाली होती. लोकांना वाटायचं, बदलीची नोकरी असेल. नोकरी कसली. हे आधी दुसऱ्यांची घरं रंगवायचे. रंगवता रंगवता यांच्या लक्षात आलं, की पडक्या तोंडाचं घर स्वस्तात मिळतं, आणि चार डबे रंग, दोन नळ आणि एक बरं दार लावलं की तेच घर दीडपटीने जातं. मग हे घरं घेऊ लागले. एका वेळी एकच. आणि त्या घरात आम्ही राहायचो, कारण करखात्याचा नियम तसा होता. घर घेऊन लगेच विकलं तर तो धंदा, त्यावर कर. पण मालक त्या घरात दोन वर्षं राहिला आणि मग विकलं, तर ते राहतं घर, त्याच्या नफ्यावर कर नाही. यांना तो नियम इतका आवडला, की आमचं आयुष्यच त्याच्या मापाने बेतलं गेलं.

दोन वर्षं आणि एक महिना. वरचा महिना यांच्या सावध स्वभावाचा.

घर घेताना हे नेहमी दोघांची नावं लावायचे. पुढेमागे कर बसलाच तर तो दोघांत वाटला जातो आणि प्रत्येकाला कमी बसतो, असं यांना कोणीतरी सांगितलं होतं. मला म्हणायचे, अर्धं घर तुझं आहे बघ. मी विचारायचे, कुठलं अर्धं, भांडी घासायचं का? यावर हे खूप हसायचे, आणि सही कुठे करायची तिथे बोट ठेवायचे. मी सही करायचे. तो कागद काय म्हणतो ते मी कधी विचारलं नाही, आणि यांनीही कधी सांगितलं नाही. लपवायचं होतं म्हणून नाही, सांगण्यासारखं काही आहे असं दोघांनाही वाटलं नाही.

पण प्रत्येक नव्या घरात मी एक गोष्ट करायचे, ती यांना शेवटपर्यंत माहीत नव्हती. हे नळ, वायरी, ओल तपासत फिरायचे तेव्हा मी न्हाणीघरात जायचे, आणि म्हातारपणी उठताना धरायला कडी कुठे लागेल ते बघायचे. उजव्या हाताला, कमरेच्या जरा वर. तिथे तळवा टेकवून क्षणभर उभी राहायचे. फरशी घसरडी आहे का, दाराची कडी आतून सहज निघते का, एकटीच असले आणि पडले तर हाक कोणाला ऐकू जाईल. तिशीतल्या बाईने असलं काय बघावं? पण मला तेवढ्यानेच घर आपलं वाटायचं.

बावीस महिने झाले की हे शीळ घालायला लागायचे. मग एक दिवस मी बाजारातून यायचे तर दारातच ओल्या रंगाचा वास. फिकट दुधी रंग. गिऱ्हाइकाला तो बरा वाटतो म्हणायचे. मी पिशवी ठेवून रिकामी खोकी कुठे आहेत ते बघायला जायचे. एक नियम मात्र कडक होता. सौदा पक्का होऊन बयाणा हातात पडेपर्यंत शेजारीपाजारी अवाक्षर काढायचं नाही. शेजाऱ्यांना कळलं की घेणाऱ्याला कळतं, हे लोक घाईत आहेत, आणि भाव पडतो. त्यामुळे ज्यांच्याकडे वर्ष-दीड वर्ष रोज उठबस केली, त्यांना आम्ही जाणार हे सामान न्यायला ट्रक आला की कळायचं.

माझा एक नेम आहे, लग्नाआधीपासूनचा. सकाळी कोणाशीही पहिला शब्द बोलायच्या आधी मी देवाला सांगते, आज माझ्या तोंडून खोटं जाऊ देऊ नकोस. तो नेम मी मोडला नाही. पण सौदा चालू असला की मी शेजारणीकडे जायचं बंद करायचे. गेलेच नाही तर विचारणार कोण? न बोलणं म्हणजे खोटं नव्हे, असं मी मनाला समजवायचे. मन समजायचं. मन काय, त्याला पुढच्या घरातलं न्हाणीघर दिसत असायचं.

नववं घर घेतलं तेव्हा पद्धत बदलली. तोवर मुलगा यांच्या हाताखाली तयार झाला होता. त्या वेळच्या करसल्लागाराने सांगितलं, आता कंपनी काढा. दुरुस्तीचा खर्च वजा होतो, कर कमी दराने लागतो, भाड्याचे गाळे घेता येतात. कंपनी निघाली. हे आणि मुलगा, दोघांची. दोन गाळे घेतले आणि हे घर घेतलं, तिन्ही कंपनीच्या नावावर. या वेळी कोणी माझ्यापुढे कागद सरकवला नाही, सहीच्या जागी बोट ठेवलं नाही. भांडी घासायचं अर्धंही गेलं, असं मी म्हणाले. हे हसले नाहीत. म्हणाले, कंपनीचं घर आहे, आपण भाडं भरून राहायचं, तसंच करावं लागतं. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात मी पहिल्यांदा भाडेकरू झाले ती स्वतःच्या मुलाची.

त्या घरात दोन वर्षं झाली. वरचा महिनाही झाला. मी रोज बाजारातून येताना दारात थांबून वास घ्यायचे. रंगाचा वास येईना. यांनी गिऱ्हाईक आणलं नाही. मी विचारलं नाही. विचारलं तर यांना आठवण होईल अशी भीती. असे अकरा महिने गेले. आणि एका दुपारी जेवून आडवे झालेले हे उठलेच नाहीत. ते घर यांनी ठेवायचं ठरवलं होतं, की छातीत दुखत होतं म्हणून रंगाला हात लागला नव्हता, ते मला कधीच कळणार नाही. देवाला मी बाकी काही विचारत नाही. हे मात्र अजून विचारते.

यांना जाऊन आठ महिने झाले आणि करखात्याचं पाकीट आलं. दहा वर्षांपर्यंत मागे जाता येतं म्हणे. त्यांनी आमची शेवटची चार विकलेली घरं काढली होती, पाचवं ते आठवं. म्हणणं असं, की चार घरं, प्रत्येकात दोन वर्षं नि एक महिना, प्रत्येक वेळी विकायच्या आधी रंग; हे राहणं नव्हे, हा धंदा आहे. सगळ्या नफ्यावर कर, वर इतक्या वर्षांचं व्याज. यांच्या नावावर वेगळं काही उरलेलं नव्हतं, सगळं कंपनीत घातलं होतं. मुलाने हिशोब मांडला. कर निम्म्यावर आला तर गाळे विकून भागेल. पुरता बसला तर गाळेही जातील आणि मी राहते ते घरही.

मुलगा वाईट नाही. रात्र रात्र जागून त्याने माझ्यासाठी एक जबाब टाइप करून आणला. चारच ओळी होत्या. आम्ही उभयतांनी प्रत्येक घर कायम राहण्याच्या हेतूने घेतलं, नंतर प्रकृती, मुलाचं शिक्षण आणि कामाची जागा या कारणांनी नाइलाजाने विकावं लागलं. खाली माझ्या सहीसाठी टिंबांची ओळ.

“आई, वाचत काय बसलीस? सही कर.”

मी म्हटलं, उभयतांनी नाही रे. तुझ्या बाबांचा हेतू तसा नव्हता.

“बाबा आता नाहीत. त्यांना काय फरक पडतो?”

“मला पडतो.”

त्याने जबाब माझ्यापुढून ओढून घेतला. मग खालच्या आवाजात म्हणाला, म्हणजे तू त्या ऑफिसात जाऊन सांगणार, की माझा नवरा सरकारला फसवत होता. हे मात्र मला लागलं. यांनी फसवलं नव्हतं. नियम दोन वर्षांचा होता, यांनी वर महिना दिला होता. हेतू काय, असं यांना कधी कोणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर हे सरळ सांगून मोकळे झाले असते, आणि वर त्या माणसाला एखादं घरही दाखवून आले असते. हे मी मुलाला सांगितलं. तो हसला नाही, पण जबाबाची घडी करून खिशात ठेवली.

जुना सल्लागार आता काम करत नव्हता. मुलाने नवीन शोधली, तिशीतली बाई. एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्यांचं ऑफिस. जिन्यात औषधांचा वास, आत टेबलावर फायलींचे ढीग आणि त्यावर वाळत घातलेला मुलीचा स्वेटर. बोलताना ती पेनाचं टोपण चावायची. मला काकू म्हणाली. मुलाने दिलेले कागद तिने चाळले, मग थांबली, आणि टाचणी लावलेल्या दोन नोटिसा वेगळ्या केल्या.

“या दोन एकत्र का लावल्यात?”

मुलगा म्हणाला, एक मूळ आहे, एक तिची प्रत.

“प्रत नाही. ही काकांच्या नावाने आहे. ही काकूंच्या.”

मी पुढे वाकून बघितलं. माझं पूर्ण नाव होतं. इतक्या वर्षांत माझ्या नावाने सरकारी पत्र आलेलं मला आठवत नव्हतं, आणि आलं ते दुसऱ्याची नक्कल म्हणून टाचून ठेवलं होतं. सल्लागारबाईने समजावून सांगितलं. घर दोघांच्या नावावर होतं, तेव्हा नफाही दोघांचा, अर्धा अर्धा. प्रत्येकाचा कर वेगळा ठरतो. आणि घर धंद्यासाठी घेतलं की राहायला, हे ठरवताना खातं विचारतं की घेताना तुमचा हेतू काय होता. तुमचा. नवऱ्याचा नवऱ्याला, बायकोचा बायकोला.

मुलगा म्हणाला, पण आई तर फक्त सही करायची. ती म्हणाली, सही केली म्हणून मालक, आणि मालक म्हणून हेतू. मग मी सांगायला तोंड उघडलं तर तिने हात वर केला. म्हणाली, मला आत्ता नका सांगू. तिथे विचारतील तेव्हा सांगा, नाहीतर पाठ करून आल्यासारखं वाटेल. खोटं मी दाखल करणार नाही, आणि खरं असेल तर त्याला माझ्या शिकवणीची गरज नाही.

सुनावणीच्या दिवशी मी पहाटे उठले. नेहमीचं मागणं मागितलं आणि त्यात एक वाक्य वाढवलं, यांची लाज माझ्या हातून जाऊ देऊ नकोस. दोन्ही मागणी एकत्र कशी पुरी होतील ते मला समजत नव्हतं.

खोली लहान होती. एक लोखंडी कपाट, त्याचं दार बंद राहावं म्हणून खाली कागदाची घडी सारलेली. अधिकारी पन्नाशीचे, त्यांना सर्दी झाली होती. दर दोन वाक्यांनी रुमाल. आवाज चढवत नव्हते. त्यांनी पाचव्या घरापासून सुरुवात केली. पत्ता वाचला, तारीख वाचली आणि विचारलं, हे घर घेताना हेतू काय होता?

मी म्हटलं, यांचा विकायचा होता.

शेजारी मुलाने मान खाली घातली. सल्लागारबाईच्या तोंडातलं टोपण थांबलं. अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं, नाक पुसलं, आणि माझ्याकडे न बघताच पुढचं विचारलं.

“आणि तुमचा?”

मी इतकी वर्षं जे मनात धरून होते, ते विचारायला सर्दी झालेला एक परका माणूस यावा लागला. मी पदर सारखा केला. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. मग मी म्हणाले, “माझा म्हातारं व्हायचा होता.”

आता त्यांनी वर बघितलं.

मी सगळं सांगितलं. न्हाणीघरातल्या कडीचं सांगितलं तेव्हा मुलगा माझ्याकडे बघत राहिला. घरात मला काही करायची मुभा नव्हती, म्हणून जे करायचं ते मी घराबाहेर करायचे. पाचव्या घराजवळ एक वाचनालय होतं. लोक वर्षाची वर्गणी भरतात, मी पाच वर्षांची एकदम भरली, घर घेतल्यावर दुसऱ्याच आठवड्यात. सहाव्या घराला अंगण नव्हतं, आणि असतं तरी आम्हाला खणायची चोरी. शेजारच्या निवृत्त मास्तरांच्या कुंपणाला लागून मी अक्रोडाचं रोप लावलं. मास्तर म्हणाले होते, बाई, याला फळ यायला दहा वर्षं लागतात. मी म्हटलं होतं, लागू देत. सातव्या घराच्या गल्लीत एक शिलाईवाली होती. तिच्याकडे मी दुपारची काजं करायला बसायचे, आणि त्या मजुरीतून सगळ्या घराला पडदे करायचे म्हणून कापड घेऊन तिच्याकडेच ठेवलं होतं. जाड, अस्तराचं.

“शिवले का?”

“नाही. घर विकलं.”

त्यांनी तेही लिहिलं. मग आठवं घर. पत्ता, तारीख, तोच प्रश्न. सल्लागारबाई जरा पुढे सरकून बसली. मुलाच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच थोडा रंग आला होता. मला कळत होतं, की आता अजून एक वर्गणी, अजून एक झाड सांगितलं की झालं. पण आठव्या घरात मी न्हाणीघरात गेलेच नव्हते. खोकीसुद्धा निम्मी उघडली नव्हती.

मी म्हटलं, तिथे माझाही हेतू राहायचा नव्हता. मी थकले होते. पहिल्या दिवसापासून पुढच्या ट्रकची वाट बघत होते.

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. बाई, असं कोणी सांगत नाही, एवढंच म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, या चारातल्या पहिल्या तीन घरांबद्दल तुम्ही सांगता त्याला काही आधार आणा, कागद किंवा माणूस. तीन आठवडे देतो.

बाहेर आल्यावर मुलगा जिन्यात थांबला. मला वाटलं रागावेल. त्याने विचारलं, “त्या कडीचं बाबांना का नाही सांगितलंस?”

मी म्हटलं, सांगितलं असतं तर यांनी खरंच बसवून दिली असती. आणि मग ती सोडून जावं लागलं असतं.

वाचनालयात जुन्या पावत्यांची वही मिळाली, माझं नाव होतं. मास्तरांचं अक्रोड आता छपराच्या वर गेलं होतं. त्यांनी काठी टेकत टेकत मला खोडापर्यंत नेलं, आणि मग दोन पानं भरून जबाब लिहिला, त्यातलं दीड पान झाडाबद्दल. ही दोन कामं मुलाला बरोबर घेऊन केली. तिसऱ्याला मी एकटी गेले.

सातव्या घराची गल्ली तशीच होती, चढाची. घरावरून जाताना मी मान वळवली नाही. शिलाईवालीच्या पुढच्या खोलीत मशीन त्याच खिडकीशी होतं आणि ती त्याच बाजूला वाकून बसली होती. केस पांढरे झाले होते. मला बघून तिने पाय थांबवला, पण उठली नाही.

“वाट चुकलीस का?”

मी उंबऱ्यातच उभी राहिले. सहा वर्षांपूर्वी सौदा चालू होता, तेव्हा मी तिच्याकडे यायचं बंद केलं होतं. शेवटच्या पंधरा दिवसांत तिने दोनदा निरोप धाडला होता, शाळेच्या गणवेशाचे चाळीस शर्ट आहेत, काजांना ये. मी उत्तर दिलं नव्हतं. आता मी तिला काय झालं ते सगळं सांगितलं, नोटीस, सुनावणी, आधार. ती ऐकत होती आणि बोटाने मशीनचं चाक मागेपुढे करत होती.

मग उठली, फळीवरून मापांच्या वह्या काढल्या, एकेक झटकून बघितली. सापडली ती मला वाचून दाखवली. तारीख, आमचा पत्ता, पाच खिडक्यांची मापं, आणि खाली तिच्या अक्षरात लिहिलेलं, पंधरा वर्षं टिकेल असंच कापड हवं म्हणते, आधी हौस तर बघा. घर घेऊन तेव्हा वीस दिवस झाले होते.

“हे चालेल तुझ्या साहेबाला?”

मी हो म्हटलं. तिने वही कागदात गुंडाळून दिली, वर जबाबावर सही करून दिली. मग म्हणाली, “चाळीस शर्ट मी एकटीने केले. कामाचं नाही ग काही. मला वाटलं माझं काही चुकलं. महिनाभर आठवत होते काय बोलले असेन.”

मला रडू आलं नाही. ते आलं असतं तर बरं झालं असतं. इतकी वर्षं मी म्हणत होते की मी खोटं बोलले नाही. न बोलता मी या बाईला केवढं खोटं सांगून गेले होते. मी तिचा हात धरला आणि जे झालं ते माझंच चुकलं होतं असं म्हणाले. तिने हात सोडवून घेतला नाही. थोड्या वेळाने म्हणाली, कापड आहे अजून. कसर लागू नये म्हणून दर वर्षी उन्हात टाकते. कोणाला विकायलाही मन होईना, एवढं महाग कापड माझ्या गिऱ्हाइकांना परवडतं कुठे.

मी म्हटलं, निकाल लागला की येईन. नव्या खिडक्यांची मापं घेऊन येईन, आपण शिवू.

“आणि घर गेलं तर?”

“तरी येईन. काजं करायला.”

ती परत मशीनवर बसली. “कागद मिळाला, आता कशाला येशील,” असं म्हणाली, पण माझ्याकडे बघून नाही, सुईत दोरा ओवत.

निकाल यायला अडीच महिने लागले. यांचा वाटा चारही घरांत धंद्याचा धरला, कर आणि व्याज. माझा वाटा तीन घरांत राहत्या घराचा धरला, कर नाही. आठव्या घरात मात्र माझ्यावरही बसला. मुलाने सल्लागारबाईच्या टेबलावरच आकडेमोड केली. निम्म्याहून थोडा जास्त. दोन्ही गाळे विकावे लागणार होते आणि वर त्याला स्वतःचं थोडं घालावं लागणार होतं. घर राहणार होतं.

आठव्या घराचं खरं सांगितलं नसतं तर एक गाळा तरी वाचला असता का, असं मी हळूच विचारलं. सल्लागारबाई म्हणाली, काकू, ते सांगितलंत म्हणूनच बाकी तीन त्यांनी मानली असं मला वाटतं. निकालात तसं लिहिलेलं नाही. मुलगा आकडे पुन्हा तपासत बसला. त्याचा धंदा निम्मा झाला होता. त्याचं दुःख मला दिसत होतं आणि त्यावर मी फुंकर घालू शकत नव्हते.

मग तिने कंपनीचा विषय काढला. घर कंपनीकडून माझ्या नावावर करायचं तर पुन्हा कर, पुन्हा मुद्रांक. आत्ता ते झेपणार नाही. त्यापेक्षा भाड्याचा कायमचा करार करू, तुम्ही असेपर्यंतचा. मुलाने लगेच मान हलवली. करारात एक रकाना होता, जागा कशासाठी हवी. ती मजकूर सांगणार इतक्यात मुलाने कागद माझ्यापुढे सरकवला. सहीच्या जागी बोट ठेवलं नाही. म्हणाला, आधी वाच. मी सगळी पानं वाचली, त्याला पाऊण तास लागला, आणि दोघंही थांबले. रकान्यात मी ‘राहायला’ असं लिहिलं.

घरी येताना मला यांची फार आठवण आली. यांना सांगावंसं वाटलं, की तुमचा हेतू मी सांगून टाकला आणि तुमची लाज गेली नाही. साहेबाने तुम्हाला लबाड म्हटलं नाही, धंदेवाला म्हटलं. आणि ते तर तुम्हीच अभिमानाने सांगायचात. एवढंच सांगायचं होतं. ऐकून हे काय म्हणाले असते, ते मी पुष्कळ प्रकारे मनात बोलून पाहिलं. एकही यांच्या आवाजात जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. गुरुवारी दुपारी शिलाईवालीकडे काम जास्त असायचं, अजूनही असेल. सकाळचं मागणं झालं. मुलाचा फोन आला, गाळ्याचं गिऱ्हाईक बघायला येणार होतं त्याबद्दल. मी ऐकून घेतलं. मी आज कुठे जाणार ते त्याने विचारलं नाही, तरी मी सांगितलं.

मग स्टूल घेतलं आणि खिडक्यांची मापं काढली. चार खिडक्या. उंची, रुंदी, दांडीपासून खाली किती. प्रत्येक माप दोनदा घेतलं आणि एका कागदावर लिहून पदराला बांधलं. गॅस बंद आहे ना बघितलं, पायात चपला घातल्या, दार ओढून घेतलं, आणि बसस्टॉपच्या दिशेने चालायला लागले.